त्यांच्या पश्चात पत्नी

"माणूस जिवंत आहे ना अजून?" कौस्तुभनं फोनवर विचारलं.

"आहे की. त्यांच्या गावच्या एकाशी कालच बोलले."

"मग या आठवड्यात उरकून टाक. ऐंशी पार केलेला माणूस, भरवसा नसतो. आणि कशासाठी ते सांगू नकोस. मुलाखत आहे म्हण."

कौस्तुभ पुण्यातल्या 'नवी ओळ' नावाच्या वेब पोर्टलचा संपादक. मी कोल्हापुरात. आमची ओळख झाली ती फेसबुकवरच्या 'मराठी लेखक हवेत' अशा नावाच्या एका गटात. त्या गटात रोज कुणाला तरी लेखक हवे असत आणि सगळ्यांना ते फुकट हवे असत. आधी नमुन्याचा लेख मागायचे. नमुना पाठवला की माणूस गप्प. पुढे कधीतरी आपलाच नमुना कुठल्यातरी साइटवर दिसायचा आणि खाली नाव असायचं 'टीम'. केस गळतीवर घरगुती उपाय, तुळशीचे फायदे, सासूशी कसं जुळवून घ्यावं, असलं मी दोन वर्षं लिहीत होते. माझं तर लग्नही झालं नव्हतं. या सगळ्यातून हाती काय आलं, तर 'तुमची शैली ओघवती आहे' एवढं वाक्य.

दादानं माझ्यासाठी एका पतसंस्थेत जागा बघून ठेवली होती. "पाडव्यापर्यंत थांबतो," तो म्हणाला होता. "तोवर कुठं नियमित काम लागलं तर मी परत विचारणार नाही. नाही लागलं तर गपगुमान काउंटरला बसायचं." दादा वाईट नव्हता. पण मी लिहिते हे तो पाहुण्यांना सांगायचा तेव्हा, घरात कुणीतरी आजारी असल्यासारखं हळू आवाजात सांगायचा. त्याचा मला संताप यायचा.

कौस्तुभ मात्र पैसे देणार होता. काम होतं तयार लेखांचं. कुणी नामवंत म्हातारा माणूस गेला की ज्या पोर्टलवर त्याचा लेख आधी पडतो, तोच लोक वाचतात. म्हणून लेख आधीच लिहून ठेवायचा, माणूस गेला की तारीख घालून सोडायचा. हे लेख जिथं साठवत त्याला त्यांच्या ऑफिसात 'फ्रीजर' म्हणत. पैसे लेख फ्रीजरमधून बाहेर पडल्यावर. "तुझ्या भागातली आठ-दहा नावं देतो," कौस्तुभ म्हणाला होता. "त्यातला एक जरी चांगला चालला ना, तर तुला दर आठवड्याचं सदर. नाव आणि फोटोसकट." म्हणजे माझं सदर कुणाच्या तरी मरणावर अडून बसलं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण पाडवा जवळ येत होता.

यादीतलं पहिलं नाव हिंदुराव पोवार. कुस्तीचे निवेदक. जत्रेतल्या मैदानात हातात माइक घेऊन पैलवानाची ओळख करून देणारा, कुस्तीत जीव आणणारा माणूस. सगळा दक्षिण महाराष्ट्र त्यांच्या आवाजावर वाढला, असं म्हणत. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. आमच्याकडं बायका मैदानात जात नाहीत.

कागलच्या पलीकडं त्यांचं गाव. एसटीतून उतरून विचारत विचारत घरी पोचले तर हिंदुराव, सगळ्या गावाचे आण्णा, पुढच्या सोप्यात बाजेवर बसलेले. एके काळचं मोठं हाडपेर आता सदऱ्यात सैल झालं होतं. आवाज मात्र तसाच असावा. "या बसा," असं नुसतं म्हणाले तरी भिंतीला टेकलेली पत्र्याची पेटी थरथरल्यासारखी वाटली.

त्यांच्या बायकोनं पाणी आणलं, चहा आणला. बारीक, ताठ चणीच्या मावशी. डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. बोलल्या फारसं नाहीत. चहाचे कप नेता नेता म्हणाल्या, "मी दूध घालून येते डेरीला," आणि किटली घेऊन गेल्या.

"काय काम असतंय ओ निवेदकाचं?" मी विचारलं.

"पैलवान नुस्ता येऊन हुबारला तर कोण बगतंय त्येच्याकडं?" आण्णा म्हणाले. "मातीत उतरल्यावर सगळे लंगोटवालेच. त्यो कुणाचा, कुठला, कुणाच्या हाताखाली तयार झाला, त्येच्या आज्यानं कुणाला आस्मान दाखवलं, ह्ये सांगावं लागतंय. मग लोक सावरून बसत्यात. तुमचं नाव काय?"

"वृषाली."

"पुरं सांगा. बापाचं नाव, गाव, गुरू कोण?"

मी वडिलांचं नाव सांगितलं, आजोळ सांगितलं. गुरू म्हणून कॉलेजातल्या इनामदार मॅडमचं नाव सांगितलं. आण्णांनी घसा खाकरला आणि रिकामी मूठ तोंडाजवळ धरली.

"मंडळी, शांत ऱ्हावा! मैदानात येतीया वृषाली! बाप बळवंत इंगवले, मुक्काम कोल्हापूर! आजोळ गारगोटी! वस्ताद इनामदार! लेखणीची पैलवान हाय, हलक्यात घेऊ नका! हात वर कर, लोकान्ला दिसू दे!"

माझा हात खरंच वर गेला. जन्मात मला कुणी असं बोलावलं नव्हतं.

आण्णा हसले. "मैदानात चालत न्हाई बरं का. बाईचं नाव माइकवर घ्यायचं न्हाई, असा नेम हाय. मातीला चालत न्हाई म्हंत्यात. हितं घरात चालतंय."

मग मी कामाला लागले. जन्म कधीचा, मुलं किती, सुना, नातवंडं, पहिलं मैदान, शेवटचं मैदान, कुठले मानसन्मान. आण्णा मन लावून उत्तरं देत होते. शेवटी मी म्हणाले, "एखादा फोटो मिळेल का? एकट्याचा. समोर बघणारा."

आण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग फेटा बांधलेला एक फोटो त्यांनी पेटीतून काढून दिला आणि शांतपणे विचारलं, "ह्ये मी गेल्यावर येनार नव्हं?"

मी फोटो उलटा करून वहीत ठेवला.

"घाबरू नका. मैदान सुरू व्हायच्या आधी गेलेल्या पैलवानांची नावं मीच घेतोय माइकवर. मान्सं टोप्या काढून हुबी ऱ्हात्यात. मी बी घरच्यांकडनं असाच फोटू मागत हुतो, एकट्याचा. आनि मागं कोन कोन हाय त्ये इचारत हुतो. जित्या मान्साला कोन एवढं इचारतंय?"

"आण्णा, संपादक मला सांगू नको म्हणाले होते. माफ करा."

"माफी कशाला? माझं कामच झालं," ते म्हणाले. बाजेवरून जरा पुढे सरकले. दाराकडं एकदा बघून घेतलं. "एक गोष्ट हाय. ती मी असताना यायला नको, मला लाज वाटंल. गेल्यावर आली तर बरं. लिहा."

आणि त्यांनी सांगितलं. आण्णांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पैलवानांची जी कुळं-मुळं ते माइकवर धडाधड सांगत, ती सगळी मावशींची. मावशी रोज सकाळी पेपर वाचून दाखवायच्या. पण पेपरात असतं ते किती? खरी माहिती बायकांकडून यायची. अमक्या गावची लेक तमक्या गावात दिलेली, तिचा भाऊ कुठल्या तालमीत, तिच्या दिराचा वस्ताद कोण, त्याचा आजा कुणाशी लढला, हे मावशी लग्नात, बाजारात, डेअरीच्या रांगेत विचारून घ्यायच्या. मैदानाच्या आदल्या दिवशी त्या भाकरी थापताना एकेक पैलवान सांगायच्या आणि आण्णा समोर बसून पाठ करायचे.

"लोक म्हनायचे, हिंदुरावाच्या जिभेवर सरस्वती हाय," आण्णा म्हणाले. "सरस्वती चुलीपुढं हुती. तिनं माझं एक मैदान ऐकल्यालं न्हाई. आनि मी हजारांची नावं घेतली, तिचं कवा घेतलं न्हाई. तेवढं लिहा. नावासकट."

"काय नाव मावशींचं?"

त्यांनी मूठ परत तोंडाजवळ नेली. डोळे मिटले. आणि त्या रिकाम्या घरात, पूर्ण मैदानाच्या आवाजात, त्यांनी आपल्या बायकोला पुकारलं. बाप, आजोळ, वस्ताद, सगळं. शेवटी 'हात वर कर, लोकान्ला दिसू दे'. बाहेर गोठ्यातली म्हैस दचकून उठली.

थोड्या वेळानं मावशी रिकामी किटली घेऊन आल्या. आण्णा छताकडं बघत बसले होते. "हूं, पावनीला जायचंय," ते म्हणाले. "पोरास्नी सांग ष्टँडवर सोडायला." मावशींच्या नावाऐवजी नुसता एक हुंकार होता त्या वाक्याच्या सुरुवातीला.

लेख मी दोन दिवसांत लिहिला. मावशींचा परिच्छेद मध्यावर घातला, कारण सगळा लेख तिथंच येऊन उभा राहत होता. तोवर लिहिलेलं सगळं एकीकडं आणि तो परिच्छेद एकीकडं. कौस्तुभचा निरोप आला, 'कडक. फ्रीजरमध्ये टाकलाय.'

बाकीच्या नावांचेही लेख गेले. मग वाट बघणं सुरू झालं. ती वाट कसली होती हे कुणाला तोंडानं सांगायची सोय नव्हती. सकाळी उठल्या उठल्या मी मोबाईलवर निधनाच्या बातम्या बघायची. दादाला एव्हाना कळलं होतं. जेवताना विचारायचा, "काय गं, तुझ्या यादीतला कोण पिकून गळाला का?" आई त्याच्यावर ओरडायची. मग तीच हळूच माझ्याकडं बघायची. तिलाही पाडव्याची काळजी होती.

पाडव्याच्या आधी, एका दुपारी आई भांडी घासत होती आणि मी पुसत होते, तेव्हा मोबाईल वाजायला लागला. कॉलेजातल्या मैत्रिणीचा मेसेज. 'अभिनंदन! लेख वाचला. रडले.'

लेख उघडला. वर आण्णांचा फेट्यातला फोटो. मथळा कौस्तुभचा होता, 'मैदान गाजवणारा "तो" आवाज अखेर शांत!' खाली माझं नाव, वृषाली इंगवले. मी ते नाव दोनदा वाचलं हे खरं आहे. दोन वर्षं 'टीम' म्हणून जगल्यावर वाचणारच. आणि मग खाली उतरत गेले. जन्म, पहिलं मैदान, माइकवरची वाक्यं, मानसन्मान. मधला परिच्छेद नव्हता. खाली जाहिरात, मग आणखी एक जाहिरात, मग शेवटची ओळ.

'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे.'

मी फोन लावला.

"तुफान चाललाय!" कौस्तुभ म्हणाला. "कुस्तीवाले काय शेअर करतायत. तुझं सदर नक्की. या महिन्यापासूनच सुरू करू."

"मधला परिच्छेद कुठं गेला? त्यांच्या बायकोचा?"

"तो होय. अगं, लांबत होतं. मोबाईलवर लोक तीनदा बोट फिरवतात आणि निघून जातात. शिवाय फोकस त्यांच्यावर हवा ना? पत्नी आहे की शेवटी."

"पत्नी आहे. नाव नाही. त्यांची तेवढीच एक इच्छा होती, कौस्तुभ. परत घाल तो. दोन मिनिटांचं काम आहे."

"घालतो. आत्ता हात लावत नाही, चालू लेखाला हात लावला की गडबड होते. गर्दी ओसरली की घालतो. बरं, पुढची यादी पाठवतोय. जरा लवकर बघ, त्यातले दोघं हॉस्पिटलात आहेत."

मी बरं म्हणाले. संध्याकाळी दादानं पेढे आणले. पतसंस्थेचा विषय त्यानं परत काढला नाही, दिलेला शब्द पाळला. मी माझा पेढा आईच्या हातात ठेवला.

कौस्तुभला मी पुढे किती वेळा आठवण केली याला हिशोब नाही. दर वेळी तो 'घालतो' म्हणाला. कागदावर छापलेलं असतं तर छापून गेलं म्हणून सोडून तरी दिलं असतं. इथं ते केव्हाही बदलता येत होतं, आणि बदललं नाही. पुढं कौस्तुभ ती नोकरी सोडून गेला. लेख अजून तसाच आहे, जाहिराती तेवढ्या बदलतात.

ते सगळं नंतरचं. आण्णांचं रक्षाविसर्जन झाल्यावर मी त्यांच्या गावी गेले. सोप्यात बाज उभी करून ठेवली होती. मावशी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळ मोकळं. शेजारच्या दोघी-तिघी बायका होत्या, त्यांना मावशी म्हणाल्या, "वाईच बाहीर बसा गं." मग मला म्हणाल्या, "तूच ती लिवणारी न्हवं? वाच काय लिवलंयस."

मी मोबाईल काढला. पोर्टलवरचा लेख उघडला नाही. माझ्याकडचा मूळ लेख उघडला आणि सगळा वाचला. मधला परिच्छेद आला तेव्हा आवाज जरा मोठा केला. भाकरी थापताना पाठ करून घेतलेले पैलवान, डेअरीची रांग, चुलीपुढची सरस्वती, आणि त्यांचं नाव, अनसूया. शेवटची ओळ मी तिथल्या तिथं जुळवून म्हटली, 'त्यांच्या पश्चात पत्नी अनसूया.' माझे डोळे भरून आले होते. आपण काहीतरी भरपाई करतोय असं मला वाटत होतं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून पदरानं पुसला.

"त्यात न्हाई ह्ये," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मधलं. आनि नाव बी न्हाई. नातसुनंच्या फोनवर मी वाचलंय की. दोनदा वाचलं."

त्या रोज पेपर वाचतात, हे मीच लिहिलं होतं. माझ्याच परिच्छेदात लिहिलं होतं. आणि अडाणी म्हातारीला मारतात तशी थाप मी त्यांच्यासमोर मारली होती. लाजेनं मला वर बघवेना.

"मी लिहिलं होतं, मावशी. खरंच लिहिलं होतं. पुण्याच्या लोकांनी काढून टाकलं."

"असंल," त्या म्हणाल्या. माझ्यावर त्या चिडल्या नव्हत्या. पुण्याच्या लोकांवरही नाही. त्या दुसऱ्याच कशाच्या तरी मागं होत्या. "ह्ये चुलीचं, नावाचं, तुला त्येनी सांगितलं?"

"हो."

"नाव घेतलं? तोंडानं?"

"हो."

"कसं?"

मी मूठ तोंडाजवळ नेली नाही, ते मला शोभलं नसतं. पण मला पाठ होतं, तसं हळू आवाजात म्हटलं. "मंडळी, शांत ऱ्हावा. मैदानात येतीया अनसूया. बाप ज्ञानदेव खाडे, आजोळ बिद्री. वस्ताद कुनी न्हाई, तीच माझी वस्ताद. हात वर कर, लोकान्ला दिसू दे."

मावशींचा मांडीवरचा हात थोडा हलला. वर आल्यासारखा झाला. मग त्याच हातानं त्यांनी पदर सारखा केला.

"आनि मी कुठं हुते तवा?"

"तुम्ही दूध घालायला गेला होता. डेअरीला."

"व्हय," त्या म्हणाल्या. त्यांनी दाराकडं बघितलं. तिथून सोप्यातली उभी केलेली बाज दिसत होती.

"मैदानात बाईचं नाव घेत न्हाईत, त्ये खरं," त्या म्हणाल्या. "घरात कोन आडवं आलं हुतं?"